शिवदाससाठी पाथरी

१७ नोव्हेंबर २०२४, रविवार

“सरकारी दवाखान्याच्या बाकावर सकाळपासून बसून शेवटी ‘पुढच्या मंगळवारी या’ एवढंच ऐकून परत आलेल्या माझ्या आयाबहिणींनो! आपल्या माणसाच्या पोटात काय बिघडलंय ते डॉक्टर शिकाऊ पोरांना इंग्रजीत सांगतो, आपल्याला सांगत नाही. खाजगीत जावं, तर माणूस उठायच्या आत घर बसतं. आणि ज्या पाल्यावर आपल्या आज्यांनी दुष्काळात लेकरं जगवली, त्या पाल्याला हे लोक तण म्हणतात. तण!”

पहिल्या तारखेला मानखुर्दच्या महिला मंडळात अशी सुरुवात करायची. ‘घर बसतं’नंतर श्वास घ्यायचा. दुसऱ्या ‘तण’ला आवाज वर न्यायचा नाही, खाली आणायचा. इतकी वर्षं सभांमधून बोलतेय, एवढं कळतं.

पार्ल्याच्या कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरी झाली. दिवसा पुस्तकं, संध्याकाळी सभा. पाणी, रेशन, अंधश्रद्धा, झोपड्यांचे प्रश्न, सगळ्यांवर बोलले. निवृत्तीनंतर हा नवा विषय हातात आलाय: आपल्या रानभाज्या. आणि सगळ्यांत आधी पाथरी.

आज शिवदासला घेऊन बिल्डिंगमागच्या मोकळ्या जागेत गेले. पाण्याचे टँकर तिथे उभे राहतात, गळतात, त्यामुळे जमीन ओली असते. पाथरी मस्त माजलीय. जमिनीला चिकटून पसरलेली कातरलेली पानं, मधून एक दांडी, वर पिवळं फूल. पान तोडलं की पांढरा चीक. ही ओळखायला मला शिवदासनंच शिकवलं, लग्नानंतरच्या पहिल्या हिवाळ्यात. तो हिंगोलीकडचा. हरभऱ्याच्या शेतात बसून भाकरीबरोबर कच्ची खाल्लेली. त्याची आई, सोनूबाई, कावीळ झालेल्याला हिचा रस द्यायची, असं तो एकदा म्हणाला होता. माझ्या भाषणाचा कणा तोच. सोनूबाईंना अक्षर येत नव्हतं, पण गावाची कावीळ त्यांनी उतरवली!

त्याला म्हटलं, “एखादं नाव आठवतं का रे? कुणाला बरं केलं?”

मुळांची माती झटकत म्हणाला, “खूप जण यायचे.”

बस. ह्याच्याकडून गोष्ट काढणं म्हणजे गंजलेला नळ उघडणं. पालिकेच्या पाणीखात्यात फिटर होता, तिथे सगळं बोलणं नळांशीच झालं असणार.

२४ नोव्हेंबर

पाथरीच्या चुलतबहिणीबद्दल वाचलं. युरोपात तिला डँडेलियन म्हणतात. तसंच कातरलेलं पान, तसाच चीक, तसंच पिवळं फूल. तिथल्या म्हाताऱ्या कोवळ्या पानांची कोशिंबीर करतात, फुलांची वाइन घालतात, मुळं भाजून कॉफीसारखी उकळतात. यकृतासाठी म्हणून देतात. आणि तिथेही हिरवळीवाले साहेब लोक विष मारून तिला मारतात. म्हणजे गरिबाचं पान कुठल्याही देशात तणच! हे भाषणात घेतलंच पाहिजे.

फ्रान्समध्ये तिला ‘अंथरूण ओलं करणारी’ अशा अर्थाचं नाव आहे, लघवी मोकळी होते म्हणून. हे शिवदासला वाचून दाखवलं.

“मग मला रात्रीची नको वाढूस,” तो म्हणाला. “गादी नवीन आहे.”

तरी रात्री केलीच. मुगाची डाळ घालून, लसूण चांगला लाल करून. अर्धी भाकरी टाकली त्याने. पोटात जागा नाही म्हणतो. पट्ट्याला खिळ्यानं आणखी एक भोक पाडलंय. बरंच झालं. निवृत्तीनंतर पोट सुटलं होतं, ते पाथरीनं उतरवलं. हेही भाषणात घ्यावं का?

१ डिसेंबर

मानखुर्द जिंकलं! हॉल पुरला नाही, बायका जिन्यात उभ्या होत्या. सोनूबाईंचं नाव घेतलं तेव्हा मागून कुणीतरी ‘माझी आजीपण’ असं ओरडलं. मग सगळ्याच आज्या जाग्या झाल्या. कुणाची टाकळ्याची, कुणाची कुर्डूची. मी बोलत होते आणि त्या रडत होत्या.

संपल्यावर मृणालिनी नावाची एक तरुण बाई थांबली. धाकट्या दिराला कावीळ झालीय, घर काळजीत आहे. पिशवीतली सगळी पाथरी तिला दिली. पाट्यावर वाट, फडक्यातून गाळ, सकाळी उपाशी पोटी दे, तेल बंद, हळद बंद, उसाचा रस चालेल. ती पाया पडायला वाकली. मी हात धरले, आपल्यात हे चालत नाही म्हटलं. पण खरं लिहायचं तर बरं वाटलं.

घरी आले तर दारात जानकी. आमची शेजारीण, मालवणची. भिंतीला भिंत लागून म्हाताऱ्या झालो दोघी.

“इलंस जगाक शिकवून?” म्हणाली. “आता घरातलो घोव बघ. डोळे लिंबासारखे झालेत त्याचे.”

“जानकी, तुझ्या त्या ट्यूबलाइटमध्ये सगळेच पिवळे दिसतात.”

“मगे उन्हात बघ गो. उन्हाक तरी मानतंस मां?”

३ डिसेंबर

उन्हात पाहिले. पिवळे आहेत. नखंसुद्धा.

दुखत काही नाही, ताप नाही. नाक्यावरच्या डॉक्टरकडे गेलो. रक्त घेतलं, काविळीचा आकडा बराच वर आहे म्हणाला, आणि सोनोग्राफी लिहून दिली. कशासाठी, असं मी विचारलं. “करून घ्या, मग बोलू.”

मग बोलू! माझ्या भावाच्या वेळी हेच शब्द ऐकत आम्ही तीन दवाखाने फिरलो होतो. तो कशानं गेला, ते आम्ही मृत्यूच्या दाखल्यावर वाचलं.

जिना उतरताना शिवदासला म्हटलं, “तुझं काय म्हणणं?”

“तू म्हणशील तसं.”

“मी म्हणते आधी पाथरी. महिनाभर नीट पथ्य. मग बघू.”

“बरं.”

मी त्याला लग्नापासून नावाने हाक मारते, तो मला. आमच्यात कुणी कुणाच्या वर नाही. म्हणून त्याचं मत घेतल्याशिवाय मी काही करत नाही.

रात्री सपनाचा फोन. ती आमची एकुलती एक, लग्न होऊन बोरिवलीला असते. जानकीने चुगली केलेली दिसते.

“आई, सोनोग्राफी कधी?”

“हे बघ, यकृत हा असा अवयव आहे की...”

“तारीख सांग. भाषण नको.”

फोन मीच ठेवला.

९ डिसेंबर

जानकी कुठूनशी काविळीची माळ घेऊन आली. दोऱ्यात ओवलेले मुळ्यांचे तुकडे. डोक्यावर ठेवायची. कावीळ उतरते तशी माळ वाढत वाढत गळ्यात येते, मग पोटावर. मी तिला दारातच सांगितलं, अगं, मुळ्या सुकून आकसतात, गाठी सैल होतात, म्हणून दोरा लांब होतो. भिंतीवरच्या खिळ्याला अडकवलीस तरी वाढेल. खिळ्याला कावीळ झालेली असते का?

“आणि तुझो पालो?” जानकी म्हणाली. “तो काय करता?”

“तो पोटात जातो. डोक्यावर बसत नाही.”

“डोक्यार बसाक तू आसस मां.”

शिवदास हसला. बऱ्याच दिवसांनी हसला. जानकी माळ खुर्चीच्या पाठीला अडकवून गेली आणि मी ती कचऱ्यात टाकली. माणूस बरा व्हायचा असतो तो होतो आणि श्रेय दोऱ्याला मिळतं. आपल्या लोकांना पुरावा मागायची सवयच नाही. यावर एक वेगळं भाषण होईल.

शिवदास हल्ली पाठ दाराच्या चौकटीला घासत असतो. थंडीने कातडी कोरडी पडलीय. साबण बदलला.

१५ डिसेंबर

घाटकोपरची आणि मुलुंडची सभा रद्द केली. आयोजक नाराज झाले. होऊ देत.

रोज दुपारी आम्ही दोघं चटईवर वर्तमानपत्र पसरून पाथरी निवडत बसतो. मुळं वेगळी, जून पानं वेगळी. तीन पाण्यांतून काढली तरी माती राहते. शिवदासला वाटीभर रस, आणि तेलाशिवाय वाफवलेली भाजी. तोंड वाकडं न करता खातो. मला घास घशाखाली जात नाही, इतकी कडू. बोलत बसतो काहीबाही. हिंगोलीचा ओढा, त्याने जोडलेला पहिला व्हॉल्व्ह, सपनाला झालेला गोवर. इतकं आम्ही कधी बोललो होतो, आठवत नाही.

आज मात्र त्याने विचित्र हट्ट धरला. मोरीतल्या नळाचा वॉशर मी बदलायचा. पाना माझ्या हातात दिला. “आधी मेन कॉक बंद. नाहीतर न्हाशील.”

“तू आहेस ना घरात. मला कशाला?”

“तुला यायला हवं.”

दोनदा चुकले. तिसऱ्यांदा जमलं तेव्हा तो मोरीच्या उंबऱ्यावर बसून टाळ्या वाजवत होता. मग हत्यारांची पेटी उघडून मोठे पाने खालच्या वॉचमनला देऊन आला. निवृत्त माणसाला वेळ घालवायला काहीतरी लागतं.

२२ डिसेंबर

सकाळी त्याने संडासात बोलावून दाखवलं. मातकट, पांढरट. “गेले काही दिवस असंच आहे,” म्हणाला.

मी समजावलं: तेल नाही, हळद नाही, तिखट नाही, तर रंग येणार कुठून? लघवी मात्र चहासारखी गडद. म्हणजे कावीळ तिकडून बाहेर पडतेय. चांगलं लक्षण आहे.

तो म्हणाला, “हं.”

२९ डिसेंबर

सपना आली, न कळवता. चपलासुद्धा काढल्या नाहीत.

“बाबा, शर्ट काढा.”

पाठीवर ओरखडे. काही ओले. बनियनला रक्ताचे डाग होते, ते मला दिसले नव्हते. कपडे तोच धुतो हल्ली.

“हे काय आहे, आई?”

“थंडीने कोरडी पडलीय. साबण बदललाय मी.”

“साबण!” ती ओरडली नाही. ओरडली असती तर मला सोपं गेलं असतं. “बाबा, तुम्हाला माझ्याबरोबर यायचंय का? आईकडे बघू नका. माझ्याकडे बघा.”

तो माझ्याकडेच पाहत होता. मग तो म्हणाला, “येतो.”

“मला सांगायचंस ना,” मी म्हटलं. “नको होतं तर सांगायचंस.”

“आई, अख्खं मानखुर्द तुझ्यापुढे गप्प बसतं. बाबा काय बोलणार?”

लेकीच्या रागाला तर्क नसतो. पण तिने त्याच्या पायात मोजे घातले, तेव्हा त्याची पोटरी पाहिली. माझ्या मनगटाएवढी झालीय.

४ जानेवारी २०२५

सोनोग्राफी झाली, मग मोठं स्कॅन.

डॉक्टर एक तरुण मुलगी होती. ती आमच्याशी बोलली. खुर्ची ओढून समोर बसली, कागदावर चित्र काढलं आणि मराठीत सांगितलं. स्वादुपिंडाच्या तोंडाशी गाठ आहे. तिने पित्ताची नळी दाबलीय. पित्त खाली आतड्यात उतरत नाही, म्हणून रक्तात चढतं. म्हणून डोळे पिवळे, म्हणून लघवी गडद, म्हणून खाज.

“लाइन चोकअप आहे,” शिवदास म्हणाला.

“हो काका. अगदी तसंच.” मग माझ्याकडे वळून, “शौचाचा रंग कसा होता?”

“पांढरट. पण हळद बंद होती. पथ्य होतं ना.”

तिने चित्रातल्या नळीवर पेन टेकवलं. “तो रंग हळदीमुळे नसतो, ताई. पित्तामुळे असतो.”

मी ग्रंथालयात काम केलेली बाई. शरीरशास्त्राची पुस्तकं माझ्या हाताखालून गेली. एक उघडून पाहिलं असतं तर पुरलं असतं.

११ जानेवारी

गाठ यकृतापर्यंत गेलीय. ऑपरेशन होणार नाही. तोंडातून दुर्बीण घालून नळीत एक छोटी नळी बसवली, पित्त वाहू लागलं. आता किती दिवस, ते कुणी सांगत नाही.

बाहेर व्हरांड्यात त्या मुलीला गाठलं. “महिनाभर आधी आणलं असतं तर?”

“सांगता येत नाही, ताई.”

“हो किंवा नाही सांगा.”

“खरंच नाही सांगता येत. तेव्हाही पसरलेली असेल. कदाचित नसेल.”

तिने दोष दिला असता तर उत्तर दिलं असतं. माफ केलं असतं तरी उत्तर दिलं असतं.

एक गोष्ट मात्र कुणाला विचारायची गरज नाही. नळी बसवल्यावर चार दिवसांत त्याची खाज थांबली. काल रात्री तो सलग झोपला. मी त्याच्या उशाशी बसून ती झोप पाहिली. ही झोप त्याला डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात मिळाली असती. एवढं नक्की आहे. एवढं माझ्याकडे आहे.

१९ जानेवारी

घरी आणलंय. आज दुपारी ऊन चांगलं होतं, त्याला गॅलरीत बसवलं. खाली टँकरच्या ओलीत पाथरीची पिवळी फुलं उघडली होती. मी पाहायचं टाळत होते. तो पाहत होता.

“आई माझ्या बापाला पण हीच द्यायची,” तो म्हणाला.

मला आधी कळलं नाही. “कधी?”

“मी लहान होतो. बाप पिवळा पडला. लोक म्हणाले तालुक्याला न्या. आई म्हणाली, नेणार कशावर, आणि तिथे आपल्याला आत घेणार कोण? पाथरी आणायची रोज. वाटायची, पाजायची. गेला तो.”

“आणि ते खूप जण यायचे, म्हणालास...”

“यायचे. ते नंतर. बाप गेल्यावर तिला वेडच लागलं. कुणी पिवळा दिसला की पाथरी घेऊन हिची स्वारी हजर. बरेच जण बरे पण झाले. व्हायचेच असतील ते. पण कुणी बरं झालं की दोन दिवस जेवायची नीट.”

मी म्हटलं, “शिवदास, हे तू मला आत्ता सांगतोयस? मी मानखुर्दला तिच्या नावाने...”

“सपनाने तेव्हाच मोबाइलवर ते भाषण पाठवलं होतं मला. तीनदा बघितलं.” तो थकला होता, थांबून थांबून बोलत होता. “बायका आईच्या नावाने टाळ्या वाजवत होत्या. आख्ख्या जन्मात तिच्यासाठी कुणी टाळी वाजवली नव्हती, रत्ना. मी कसं सांगू?”

“पण तू खात राहिलास. तुला माहीत असून.”

“माहीत कुठे होतं? वाटत होतं.” मग म्हणाला, “तू दुपारची घरी बसायला लागली होतीस.”

मी आत गेले. स्वयंपाकघरात उगाच भांडी लावत राहिले.

२ फेब्रुवारी

पाथरी खायची म्हणाला.

मी हात जोडले. म्हटलं, दुसरं काहीही माग.

“औषध नको. भाजी कर. माणसं खातात तशी.”

जानकी खाली जाऊन कोवळी बघून घेऊन आली, मला जाववेना. निवडायलाही तीच बसली. “माका काय कळता, जून खयची नि कवळी खयची,” असं पुटपुटत एकही जून पान ठेवलं नाही तिने. मी तेल घातलं, सढळ. लसूण, हिरवी मिरची, हळद, वर दाण्याचा कूट. घरात त्या फोडणीचा वास कितीतरी दिवसांनी आला. शिवदासने डोळे मिटून तो वास घेतला.

दोन घास खाल्ले. तिसरा हातातच राहिला.

“झकास झालीय,” म्हणाला. “इतके दिवस काय खायला घालत होतीस?”

जानकी पदर तोंडाला लावून तिच्या घरात पळाली. मी हसले. तो हसवायलाच म्हणाला होता.

१० फेब्रुवारी

पहाटे शिवदास गेला. सपना आणि मी दोघीही जवळ होतो. मी त्याचा हात धरून ठेवला.

२३ फेब्रुवारी

आज शिवदासचं पुण्यानुमोदन झालं. बुद्धवंदना झाली, मग नेहमीप्रमाणे लोक एकेक उठून बोलले. पाणीखात्यातले जुने सोबती म्हणाले, रात्री-अपरात्री फुटलेल्या लाइनवर शिवदास आधी पोचायचा. मला बोलायचा आग्रह झाला. दुसऱ्यांच्या पुण्यानुमोदनात मी किती बोललेय! आज उठले आणि “सगळे आलात, आभार” एवढं म्हणून बसले. लोकांना वाटलं दुःखाने.

जेवणाच्या वेळी मृणालिनी आली. मानखुर्दची. आधी रडली, मग माझा हात दाबून म्हणाली, “ताई, ही वेळ नाही, पण सांगितल्याशिवाय राहवत नाही. माझे दीर ठणठणीत झाले. तुमच्या पाथरीनं. पंधरवड्यात डोळे पांढरेशुभ्र.”

मी हात सोडवून घेतला.

“आता वस्तीत कुणाला कावीळ झाली की माझ्याकडेच येतात. मी देते. तुम्ही सांगितलं तसंच, तेल बंद, हळद बंद. आठ मार्चला तुमचा कार्यक्रम ठेवलाय, ताई. तुमच्याच तोंडून ऐकायचंय सगळ्यांना. बॅनर पण छापायला टाकलाय.”

सपना ताटं उचलत होती. ती थांबली. मला वाटलं ती बोलेल. ती माझ्याकडे पाहत राहिली फक्त, तिच्या बापासारखी.

मी मृणालिनीला म्हटलं, “येते.”

खरं सांगायला तोंड उघडत नव्हतं. तिचा चेहरा इतका उजळला होता. त्या क्षणी मला शिवदास कळला. सोनूबाईही कळल्या.

७ मार्च

दहा-बारा दिवस मनात दोन्ही बाजूंनी भांडले. मृणालिनीकडून तिच्या दिराच्या आजाराचं सगळं विचारून घेतलं आणि त्या डॉक्टर मुलीला फोन करून सांगितलं. न बघता नक्की सांगता येणार नाही म्हणाली. पण तरुण माणूस, ताप येऊन झालेली कावीळ, घरात आणखी दोघांना तेव्हाच उलट्या: बहुतेक दूषित पाण्याची, विश्रांतीने जाणारी. पाथरी दिली नसती तरी गेली असती.

जानकीला सगळं सांगितलं. ती म्हणाली, “गप बस. तुका कोणी इचारल्यान? दुखवट्यात आसंय म्हणान सांग, जाव नको.”

“त्या देतायत, जानकी. आत्ता, आज, कुणाच्या तरी घरात वाटतायत.”

“मगे लोक तुका काय म्हणतले?”

“म्हणू देत.”

मग म्हणाली, “मी येतंय वांगडा. तू एकटी जाव नको.”

सोनूबाईंचं नाव घ्यायचं नाही. शिवदासने तसं कधी म्हटलं नाही, तरी.

८ मार्च

बॅनरवर माझा फोटो होता आणि खाली ‘काविळीवर रामबाण पाथरी’. स्टेजच्या टेबलावर पाथरीच्या जुड्या रचून ठेवल्या होत्या, वाटायला. मृणालिनीने ओळख करून दिली. तिचा दीर पहिल्या रांगेत बसला होता, गोरापान, धडधाकट. टाळ्या पडल्या. जानकी दारापाशी भिंतीला टेकून उभी होती.

जे बोलले ते इथे उतरवून ठेवते.

“बायांनो, हा बॅनर माझ्यामुळे छापला गेला, म्हणून तो उतरवायचं कामही माझंच आहे. मृणालिनीचे दीर बरे झाले याचा मला आनंद आहे. ते पाथरीमुळे बरे झाले, याचा पुरावा माझ्याकडे नाही. माझ्या नवऱ्यालाही मी पाथरी दिली. महिनाभर, रोज, माझ्या हाताने वाटून. त्याच्या पोटात गाठ होती. तो गेला. तुम्हाला पाथरीचं सांगून मी ज्या दिवशी इथून घरी गेले, त्याच दिवशी त्याचे डोळे पिवळे दिसले होते.

“लवकर नेलं असतं तर वाचला असता का, मला माहीत नाही. कुणालाच माहीत नाही. पण त्याने महिनाभर अंग ओरबाडलं आणि मी साबण बदलला. त्याची शी पांढरी झाली आणि मी म्हटलं हळद बंद आहे म्हणून. हळदीचा त्याच्याशी काही संबंध नाही. हे तुमच्यापैकी कितीजणींनी म्हटलंय? हात वर करू नका. मला माहीत आहे.

“ह्या ताईंचे दीर आणि माझा नवरा, दोघांचे डोळे सारखेच पिवळे होते. बाहेरून बघून फरक कळत नाही. मला कळला नाही, आणि मी आयुष्यभर पुस्तकात डोकं घालून बसलेली बाई आहे.

“ह्या जुड्या घरी घेऊन जा. डाळ घालून करा, कच्ची खा, तेल-लसूण सढळ घाला. चविष्ट भाजी आहे, आपली आहे, तिला तण म्हणणाऱ्याशी मी अजूनही भांडेन. पण ती जेवण आहे. आत्ता तुमच्यापैकी जिच्या घरात कुणी पिवळं आहे आणि जी त्याला रस पाजतेय, तिने उठून माझ्याकडे यावं. लाजू नका. मी नाव विचारणार नाही. उद्या सकाळी त्या माणसाला रक्ततपासणीला आणि पोटाच्या सोनोग्राफीला घेऊन जा. मी तुमच्याबरोबर येते.”

कुणी टाळी वाजवली नाही. मृणालिनी खाली मान घालून बसली होती. मग मागच्या रांगेत, जिन्याजवळ, एक बाई कडेवरचं मूल शेजारणीकडे देऊन उभी राहिली. तिच्यामागून आणखी एक.